वाघजाईच्या नावानं

बकरं अंग झाडत नव्हतं.

देवळापुढच्या पटांगणात सारा गाव दाटीवाटीनं उभा होता. बकऱ्याच्या कपाळाला हळद लावून झाली होती, पाठीवर तांब्याभर पाणी ओतून झालं होतं. ते पाणी कानांच्या टोकांवरून, मानेच्या केसांवरून थेंबाथेंबानं उतरत होतं आणि उन्हाळ्याच्या तापल्या मातीत पडल्यापडल्या नाहीसं होत होतं. पाणी घातल्यावर बकऱ्यानं अंग झाडलं की देवीनं ते पत्करलं, असा वाघजाईचा रिवाज. तोवर सुरी चालायची नाही. आणि हे बकरं, आपल्याला कुणी काही विचारलेलंच नाही अशा थंड डोळ्यांनी, माणसांकडे पाहत उभं होतं.

जैनुद्दीन मुलाणी एका अंगाला थांबला होता. सुरी त्यानं पाठीमागे धरली होती. जनावराला ती दिसू द्यायची नाही, ही बापाची शिकवण. गावात बकरं कुणाचंही असो, नवसाचं असो की लग्नाचं, त्याच्या मानेवर हात मुलाण्याचाच. त्या कामापोटी डोंगराच्या पायथ्याला भाताची खाचरं आणि प्रत्येक बकऱ्यामागं काळीज, एवढं त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

बकऱ्याची दोरी कोंडाजीच्या हातात होती. डोंगरावरच्या दगडखाणीचा तो मालक. त्याची नजर बकऱ्यावर कमी आणि पौडकडून येणाऱ्या रस्त्यावर जास्त होती. आंब्याखाली चुली पेटल्या होत्या, पातेल्यांतलं पाणी खळखळत होतं, बायका कांदा चिरून मोकळ्या झाल्या होत्या. विधानसभेचं मतदान तोंडावर आलं होतं. उमेदवार हैबतराव जेवणाच्या वेळेला येणार, भाषण करणार, पंगतीत बसणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त बकऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

कोंडाजीनं दुसरा तांब्या ओतला. या खेपेला त्यानं तो हळूच कानात सोडला. बकऱ्याच्या पाठीवरून एक थरथर गेली, त्यानं अंग झाडलं, पाण्याचे शिंतोडे पुढच्या रांगेतल्या धोतरांवर उडाले, आणि अडकून राहिलेला गावाचा श्वास सुटला.

जैनुद्दीन पुढे झाला. सुरी लावण्याआधी विचारायचं ते त्यानं विचारलं.

"कुणाचं?"

"वाघजाईचं," कोंडाजी म्हणाला.

मग मुलाण्यानं ते चार लोकांना ऐकू जाईल असं पुकारायचं, म्हणजे पुढं वाद नको, खाणाराच्या मनात किंतू नको. जैनुद्दीननं मान वर केली आणि खड्या आवाजात पुकारलं, "वाघजाईचं बकरं हाय हो." नंतरचा बिस्मिल्ला त्यानं स्वतःशीच म्हटला.

*

पळसाच्या पानात काळीज गुंडाळून तो खाचरावर आला तेव्हा त्याची बायको जोहराबी दगड वेचत होती. खाणीत दुपारी सुरुंग उडत आणि कपच्या डोंगराच्या उतारावरून पाखरांच्या थव्यासारख्या खाली येत. रोपांच्या वाफ्यात पालापाचोळा पेटवून राब भाजून झाला होता. काळ्याभोर राखेत पांढरे दगड दातांसारखे दिसत. ती एकेक उचलून घमेल्यात टाकत होती. तिची बोटं राखेनं काळी आणि टोकांशी दगडांनी सोलवटलेली होती.

तिनं पुडक्याकडे पाहिलं. परवाही असंच पुडकं आलं होतं, त्याच्या आधीही.

"वाघजाईला येवढी भूक कदी लागली वो?"

आपण विचारलं होतं, जैनुद्दीन म्हणाला. कोंडाजीआण्णानं तेच सांगितलं.

"त्यो बोलला आन्‌ तुमी वरडला," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

बांधावर बसून त्यानं सुरी राखेनं घासली. समोर डोंगराची सोंड उतरली होती आणि तिच्या तळाशी, जांभळीच्या मुळांतून, झरा वाहत होता. उन्हाळ्यातही तो करंगळीएवढा असे. त्याचं पाणी पहिल्यांदा जैनुद्दीनच्या खाचरात येई, तिथून बांधावरून खालच्या शेजाऱ्याच्या, गेणबाच्या खाचरात पडे. पावसानं दडी मारली, वरची शेतं तडकली, तरी या दोघांचा आंबेमोहोर त्या पाण्यावर उभा राहायचा, आणि आश्विनात लोंब्या भरू लागल्या की त्याचा वास वाटसरूंना थांबवायचा.

कोंडाजीला ती सोंड हवी होती. जुन्या खाणीत आता माती लागू लागली होती. चांगला काळा दगड झऱ्याच्या पोटात होता. गावकऱ्यांच्या अर्जावरून जुन्या आमदारानं तिथं खाण काढायची परवानगी अडवून धरली होती. म्हणून या साली कोंडाजीनं आपला आमदार करायचा घाट घातला होता. त्याचे ट्रक हैबतरावांचे झेंडे लावून नेऱ्यापासून थेट घाटापर्यंत धावत होते. वाडीवाडीवर पंगती उठत होत्या. आणि वाडीवाडीवर, पाण्यानं भिजलेल्या बकऱ्यांपुढे उभा राहून, जैनुद्दीन मुलाणी आपल्याच झऱ्याच्या मुळावर येणाऱ्याचा पाहुणचार पुकारत होता. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण बोलावणं आलं की जायचं, विचारायचं, पुकारायचं, हे त्याच्या हाडात होतं. आणि हाडांशी भांडता येतं असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

हैबतराव निवडून आले. गुलालानं कोंडाजीच्या बैलांची शिंगंसुद्धा लाल झाली.

*

आवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात रोपं लावताना, जोहराबीनं इरल्याखालून मान वर केली आणि झऱ्याकडे बोट केलं. दोन माणसं मोजणीची साखळी ओढत होती. जांभळीच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा उमटला होता. जरा वेळानं खालच्या खाचरातून गेणबाही बांधावर चढून आला आणि तिघं पावसात उभी राहून तो पांढरा पट्टा ओघळताना पाहत राहिली. चुना पावसानं धुऊन गेला. माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि त्यांनी लोखंडी खुंट्या ठोकल्या.

गेणबा चावडीवर येणारा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. त्यानंच ती गोष्ट आणली. निवडणुकीत खर्चाला मर्यादा असते. निवडून आलेल्यानं आपला हिशोब कचेरीत द्यायचा असतो. आणि रुपया भरला तर तो कुणालाही पाहता येतो, तुलाही आणि मलाही. मर्यादा मोडल्याचं सिद्ध झालं तर निवडणूक रद्द, आणि हैबतरावच गेले तर कोंडाजीच्या मागं कोण उभं राहणार? गावानं काय खाल्लं हे सरकारला दिसत नसेल, तर ते दाखवायचं. एवढंच तर काम होतं.

जैनुद्दीनला सगळं कळलं नाही. पण एक रुपया आणि झरा यांच्यामध्ये सरळ वाट आहे, एवढं त्यानं मनाशी धरलं. आवणी अर्धी ठेवून दोघं एसटीत बसले. जोहराबी एकटीच चिखलात राहिली.

भुकूम मागं पडलं तेव्हा गेणबा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला की ऊन पडलंय, चांगली खूण आहे. पुण्याच्या कचेरीतला कारकून सज्जन निघाला. त्यानं त्यांना बसायला बाकडं दिलं, पावती केली, कागद समोर ठेवले. गेणबानं बोट लावून वाचलं. एक ध्वनिक्षेपक. थोडी पत्रकं. एका जीपचं थोडं पेट्रोल. चहापाणी. त्याचं बोट शेवटच्या ओळीवरून खाली उतरलं आणि रिकाम्या जागेवर थांबलं. मग त्यानं कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काहीच नव्हतं.

बकरी कुठं आहेत, त्यानं विचारलं. ट्रक कुठं आहेत?

कारकुनानं चष्मा काढून पुसला. तो समजावून सांगू लागला, आणि त्याच्या समजावण्यात कुठंही उर्मटपणा नव्हता, हेच जैनुद्दीनला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. हिशोब द्यायचा होता, तो दिला आहे. मुदतीत दिला आहे. नमुन्यात दिला आहे. कचेरीचं काम तिथं संपतं. मित्रांनी, पक्षानं आपल्या हौसेनं केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही; कायद्यातच तसं घातलेलं आहे. फारच वाटत असेल तर मुंबईला हायकोर्टात जावं, अनामत भरावी, वकील द्यावा. तीही मुदत आता संपत आली आहे.

"पन मर्यादा हाय न्हवं?" गेणबा म्हणाला.

"आहे ना."

"मंग ती मोडली तर?"

"मोडली असं कुठं दिसतंय तुम्हाला?" कारकुनानं कागदाकडे हात केला. त्याला खरोखरच दिसत नव्हतं.

तरीही गेणबानं अर्ज लिहिला. तिथंच, बाकड्यावर, मांडीवर फळी घेऊन. खाली आपली सही केली आणि जैनुद्दीनचा अंगठा घेतला. कारकुनानं अर्जावर शिक्का मारला, चौकशी होईल म्हणाला, साक्षीदार तयार ठेवा म्हणाला. परतताना एसटीत, पिरंगुटच्या अलीकडे, गेणबा त्याच्याकडे वळला.

"साक्षीला दुसरा कशाला धुंडायचा? समदं तुज्याच हातनं झालंय."

जैनुद्दीननं आपल्या हातांकडे पाहिलं. अंगठ्यावर शाई होती. घरी पोचल्यावर त्यानं हात धुतले नाहीत. ती शाई काही दिवस राहिली तर बरं, असं त्याला वाटलं.

*

अर्ज पुण्याहून पौडला आला, पौडहून गावाला आला. जिथून निघाला होता तिथंच तो फिरून आला, फक्त वाटेत त्याच्यावर शिक्के वाढले. तोवर भात कमरेला लागलं होतं. चौकशीला साहेब आले ते भाद्रपदातल्या उघडिपीच्या दिवशी. चावडीत सतरंजी अंथरली होती. ती कोंडाजीच्या घरची होती. चहा आला, तोही कोंडाजीच्या घरचा. आणि कोंडाजी स्वतः साहेबांच्या शेजारी बसला होता, कारण गावात आलेल्या पाहुण्याला एकटं बसू देणं बरं दिसत नाही.

जैनुद्दीन दाराशी उभा राहिला. कित्येक दिवस भातातलं तण बेणताना तो काय बोलायचं ते घोकत होता. सगळं त्याच्या जिभेवर होतं.

साहेबांनी विचारलं, बकरी कुणी आणली. कोंडाजीआण्णांनी, तो म्हणाला. गेणबानं मान डोलावली. किती, साहेबांनी विचारलं. त्याची पहिली अडचण इथं झाली. सुरीखालचं जनावर मोजायचं नाही, असं बापानं सांगितलं होतं आणि त्यानं आयुष्यात मोजलं नव्हतं. लई, तो म्हणाला. साहेबांनी तो शब्द लिहिला नाही.

"मुलाणी," कोंडाजी मऊ आवाजात म्हणाला, "कापायच्या आदी तू कायतरी इचारतोस न्हवं रं?"

"इचारतो."

"काय?"

"कुणाचं म्हनून."

"मंग मी काय सांगत हुतो?"

दारातून जैनुद्दीनला बाहेरची माणसं दिसत होती. त्या पंगतींतून उठलेली, बोटं चाटलेली, ढेकर दिलेली माणसं. त्याच्या आवाजावर विसंबून ती जेवली होती. पुकार खोटी होती असं म्हटलं, तर देवीच्या दारात उभा राहून खोटं पुकारणारा तोच; या साऱ्यांच्या पोटात खोटा नवस घालणारा तोच; मग पुढं त्याच्या सुरीखाली कोण बकरं देणार, आणि बाप-आज्यानं पुकारलेल्या शब्दांचं काय? आणि खोटं तरी कसं म्हणायचं? विचारलं होतं. उत्तर आलं होतं. ते उत्तर त्यानं जसंच्या तसं उचलून सगळ्यांना दिलं होतं.

त्यानं गेणबाकडे पाहिलं. गेणबाच्या ओठांची नुसतीच हालचाल होत होती.

"वाघजाईचं," जैनुद्दीन म्हणाला.

साहेबांनी लिहिलं. लिहिताना त्यांनी मोठ्यानं उच्चारही केला, गावदेवीच्या नवसाचे धार्मिक कार्यक्रम. आणखी काही सांगायचं आहे का, त्यांनी विचारलं. तेव्हा जिभेवर घोकून ठेवलेल्या साऱ्यातून त्याला एवढंच सापडलं.

"पन सायेब, वाघजाई कुनाला मत द्या म्हनून सांगत न्हाई. तितं भाषान झालं."

मागं कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले, वाईट हेतूनं नव्हे. चावडीत खूप वेळ गप्प बसलेली माणसं कशालाही हसतात तसं. भाषणाला पैसे पडत नाहीत, साहेब म्हणाले. तेही हसत होते. त्यांनी अंगठा घेतला. जुनी शाई केव्हाच गेली होती.

चावडीच्या पायऱ्या उतरताना गेणबा त्याच्या बरोबरीनं चालत होता. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तू खरं बोललास जैनू," तो म्हणाला. "त्येच वाईट झालं."

रात्रीच्या भाकरी थापताना जोहराबीनं सगळं ऐकून घेतलं. कोंडाजीनं काय विचारलं, साहेबांनी काय लिहिलं, गेणबा काय म्हणाला. मग पिठाचा हात काठवटीत ठेवून तिनं विचारलं.

"म्हंजी कुनीच खोटं बोललं न्हाई व्हय?"

*

लोंब्या निसवून बाहेर पडायच्या वेळेला सोंडेत पहिला सुरुंग उडाला. जांभूळ तिरकी झाली. झऱ्याचं पाणी आधी दुधासारखं पांढरं आलं, मग लाल, मग त्याचा आवाज बदलला. आणि एके सकाळी जोहराबी घागर घेऊन गेली तशीच परत आली. पावसानं आधीच पाठ फिरवली होती. खाचराच्या चिखलाला बारीक रेषा पडल्या, रेषांच्या भेगा झाल्या, भेगांत खडी जाऊन बसली. जोहराबी अजून दगड वेचत होती. भाताच्या आड वाकलेली तिची पाठ वरून दिसायची, थांबायची, पुन्हा सरकायची. तिनं आणि जैनुद्दीननं ओढ्याच्या डबक्यातून पाणी डोक्यावरून आणून ओतलं, खांदे सुजेपर्यंत. भेगा ते पिऊन टाकत आणि तशाच तोंड वासून राहत.

कापणीला विळा लागला तेव्हा भात हाताला हलकं लागलं. जैनुद्दीननं एक लोंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. सारं पळंज होतं. फुंकरीसरशी हात रिकामा झाला. वास मात्र होता. फोलपटांनाही आंबेमोहोराचा वास येतो हे त्याला त्या साली कळलं.

दिवाळी होऊन गेल्यावर कोंडाजीचं बोलावणं आलं. नव्या खाणीवर खडीमशीन बसत होतं. हैबतरावांच्या हस्ते नारळ फुटणार होता आणि मग जेवण.

"जाऊ नगा," जोहराबी म्हणाली.

त्यानं सुरी कोनाड्यातून काढली, फडक्यात गुंडाळली. मुलाणकीचं बोलावणं मोडलं तर खाचरंही गेली, तो म्हणाला. तिनं खाचरांकडे पाहिलं.

जिथं जांभूळ होती तिथं आता मशीनचा चौथरा होता. सारा गाव गोळा झाला होता. गेणबाही होता, मागच्या रांगेत, खाली पाहत. बकरं खुंटीला बांधलं होतं, आणि ती खुंटी आवणीच्या पावसात ठोकलेली तीच लोखंडी खुंटी होती. पाणी पिंपातून आणलं, टँकरचं. कोंडाजीनं तांब्या ओतला मात्र, बकऱ्यानं लगेच अंग झाडलं. मशीनची चाचणी चालू होती; त्याचा हादरा जमिनीतून सगळ्यांच्याच पायांत चढत होता.

जैनुद्दीन पुढे झाला. सुरी पाठीमागे होती.

"कुणाचं?"

कोंडाजी दोरी सोडत होता. त्याची नजर रस्त्यावर होती, जिथं धुळीचा एक लोट जवळ येत होता. लोक थांबले होते. मुलाणी पुकारणार, मग सुरी, मग चुली.

आयुष्यात कधी दोनदा विचारलं नव्हतं. आज त्यानं विचारलं. आवाज खडाच लागला, पुकारताना लागतो तसा, आणि मागच्या रांगेत गेणबानं मान वर केली.

"कोंडाजीआण्णा, बकरं कुणाचं?"

कोंडाजीनं त्याच्याकडे एकवार पाहिलं. दोरी त्याच्या मोकळ्या हातात दिली, वर त्याच्या मुठीवर हलकेच थोपटलं, आणि पुकारायला कुणाचंच नाव न देता, टोपी सारखी करत तो जीपच्या दिशेनं चालू लागला.